लुकलुकणारं पाकीट

थड्... थडथड्... थडथडथड्!

स्वयंपाकघरातली शांतता मोडली, आणि पाचही जणं एकदम उठली. खटपट्याच्या मांडीवरचे स्क्रू फरशीवर सांडले. तोफेचा पेला कलंडला. शेपूट स्टुलावरून उडी मारता मारता स्टुलासकटच खाली आलं. आणि आई, कोपरापर्यंत ओले हात घेऊन, सगळ्यांच्या आधी खिडकीशी पोचली.

खिडकीच्या कट्ट्यावर एक पालथा स्टीलचा डबा होता. डब्यावर मोबाइल. साऱ्या घरात तिथेच काय ती रेंज यायची. शिवाय मेसेज आला की मोबाइल थरथरायचा, त्याच्याबरोबर डबा वाजायचा, आणि अंघोळीला बसलेल्या माणसालासुद्धा कळायचं की बाबांचं पत्र आलं!

पण मोबाइल गप्प होता. थडथडत होतं ते शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण.

"बटाटे!" फरशीवर बसल्या बसल्या शेपटाने जाहीर केलं. "बटाट्यांचं पत्र आलं!"

एरवी सगळी हसली असती. आई नुसतीच पदराला हात पुसत राहिली. "सतरा दिवस झाले," ती म्हणाली, आणि तिने गॅस बंद केला.

थोरलीने आईकडे बघायचं टाळलं. थोरली बारा वर्षांची. घरात दोनच मुलं, पण आई हाक मारायची ती 'थोरले!' अशीच, त्यामुळे साऱ्या गल्लीची ती थोरली झाली होती. धाकटा पाच वर्षांचा. दिवसभर ताईच्या मागे मागे, म्हणून तो शेपूट. खटपट्या हा मामेभाऊ. सुट्टीला आला की पहिल्याच दिवशी घरातलं एक तरी घड्याळ उघडून बसायचा. आणि तोफ म्हणजे समोरच्या दारातली मैत्रीण. ती कुजबुजली तरी दोन घरांपलीकडे ऐकू जायचं.

बाबा होते मालवाहू जहाजावर, इंजिनाला तेलपाणी करायला. जाऊन चौदा महिने झाले होते. भर समुद्रात फोन लागत नाही. पण जहाजावर ई-मेल होती. बिनतारी संदेशांच्या खोलीतले साहेब घरच्या घड्याळाने दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांची टपालं पाठवायचे आणि आलेली घ्यायचे. आता इकडे ना कॉम्प्युटर, ना इंटरनेट. होता तो हा जुना, बटणांचा मोबाइल. पण मोबाइल कंपनीची एक झकास सोय होती! मेसेजात आधी ई-मेलचा पत्ता लिहायचा, मग एक जागा मोकळी सोडायची, मग मजकूर, आणि चार आकडी नंबरावर पाठवून द्यायचा. तिकडे बाबांना तो ई-मेल म्हणून मिळे. बाबांनी लिहिलेली ई-मेल इकडे मेसेज होऊन येई. अट एकच : एका वेळी एकशेसाठ अक्षरं. त्यात मोकळ्या जागाही मोजायच्या!

पहिल्या महिन्यात बाबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं आणि इकडे आलं ते असं : '...आणि सर्वांत महत्त्वाचं सांगायचं राहिलं, ते म्हणजे' बस. पुढचं कुठल्या समुद्रात पडलं कोण जाणे! आईने कळवून विचारलं, तर बाबांचं उत्तर आलं, 'आठवत नाही. पण महत्त्वाचं होतं हे नक्की.' त्यानंतर ते लांब पत्राचे आपणहून तुकडे करून पाठवू लागले.

सतरा दिवसांपूर्वीचं शेवटचं पत्र थोरलीला तोंडपाठ होतं. 'करार संपत आला. उद्याच्या पत्रात एक मोठी गोष्ट विचारणार आहे. सगळ्यांनी मिळून ठरवा आणि लगेच कळवा.'

तो 'उद्या' काही उगवला नव्हता. आई रोज मेसेज करायची, 'पत्र का नाही?' उत्तर नाही. बाबा घरी येणार की नाही, हे त्या न आलेल्या पत्रात होतं.

"बस्स झालं," आईने मोबाइल पिशवीत टाकला. "कामावर जाता जाता दुरुस्तीच्या दुकानात देते. ते काका म्हणाले होते, शनिवारी आणून टाका, दुपारपर्यंत नव्यासारखा करून देतो. थोरले, बटाटे सोल. आणि खटपट्या, माझ्या शिलाई मशीनला हात लावशील तर बघ!"

"नाही लावणार, आत्या," खटपट्या म्हणाला. एक स्क्रू मशीनचाच होता, तो त्याने हळूच मुठीत घेतला.

आई गेली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. तिथे मोबाइल आत नेऊच देत नसत.

"एक विचारू का?" तोफ धडाडली. "तू काल टाकीपाशी का नाही आलीस गं? मी तासभर उन्हात उभी! आता मी तुझ्याशी कट्टी आहे, हे सांगायलाच आले होते सकाळी. बटाट्यांच्या गडबडीत राहून गेलं."

"मला काय माहीत तू तिथे आहेस ते?"

"माहीत नाही? काल दुपारी आमच्या बाबांच्या मोबाइलवरून मेसेज टाकला होता की! चार वाजता टाकीपाशी ये!"

"मेसेज आलाच नाही."

खटपट्याने मान वर केली. त्याच्या भुवया एकमेकींना भेटायला निघाल्या होत्या. "थांबा, थांबा! तोफेचं घर इथून किती लांब?"

"सोळा पावलं," तोफ म्हणाली. "उड्या मारल्या तर नऊ."

"म्हणजे सोळा पावलांवरून पाठवलेला मेसेजसुद्धा आला नाही! मग जहाजाचा, समुद्राचा, बाबांचा काही दोषच नाही! गोम आपल्या मोबाइलमध्ये आहे!"

थोरलीने हातातला बटाटा खाली ठेवला. बाबांनी लिहिलं असेल. बाबा रोज लिहीत असतील!

"म्हणूनच पाकीट डोळा मारतंय," शेपूट म्हणालं.

"कोण डोळा मारतंय?"

"मोबाइलमधलं पाकीट. वरच्या कोपऱ्यातलं. एवढंस्सं. असं!" आणि शेपटाने दोन्ही डोळे मिटून उघडून दाखवले. एकच डोळा मारणं त्याला अजून जमत नव्हतं.

"पूर्वी मारत होतं?"

"नाही. पूर्वी शहाणं होतं."

पुढच्याच मिनिटाला थोरली कपाटावर चढली होती. वरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइलबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती, आणि त्या ई-मेल सेवेचं पत्रकही. खटपट्याने दहा-बारा पानं भराभर उलटली आणि मोठ्याने वाचलं, "पाकिटाची खूण लुकलुकत असल्यास संदेशांची जागा भरली आहे. जुने संदेश पुसल्याशिवाय नवे संदेश येणार नाहीत. जागा : साठ संदेश."

"आणि हे बघ, पत्रकात!" तोफ ओरडली. "न पोचलेला संदेश कंपनी तीन दिवस राखून ठेवते, त्यानंतर तो रद्द होतो."

थोरली कपाटावरच बसून राहिली, पाय खाली सोडून. आई जाहिराती पुसायची, बिलाची आठवण पुसायची, मावशीचे मेसेजसुद्धा वाचून झाले की पुसायची. पण बाबांचं एकही पत्र तिने पुसलं नव्हतं. दिवसभराचं काम उरकून ती कट्ट्याशी उभी राही आणि एकेक पत्र उघडून पुन्हा वाची. चौदा महिन्यांत ती बरोब्बर साठ झाली होती. जपून ठेवलेल्या पत्रांनीच नव्या पत्रांची वाट अडवली होती!

"चला," थोरलीने खाली उडी मारली. "दुकानात जाऊन सांगायचं. एकच मेसेज पुसायचा की काम झालं!"

दुकानदाराला सगळं गाव 'आत्ताच देतो काका' म्हणायचं. कारण कुणीही, कधीही, काहीही मागितलं की ते म्हणत, "आत्ताच देतो!" आणि देत नसत. त्यांच्या काउंटरवर एक उघडा खण होता. त्यात पंचवीस-तीस मोबाइल ओल्या कपड्यांसारखे एकमेकांवर पडले होते. कुणावर चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही.

"काका, आमच्या मोबाइलमध्ये बिघाड नाहीये!" तोफेने दुकानाच्या पायरीवरूनच गोळा सोडला. "त्याची जागा भरलीय!"

काका दचकले. त्यांच्या हातातला चहा बशीत, आणि बशीतला शर्टावर.

"जागा बिगा काही नाही," ते शर्ट झटकत म्हणाले. "सव्वाअकराला कंपनीच्या बाई येतात. वायर लावतात, बटण दाबतात, आतलं सगळं उडवतात. मोबाइल कसा कोरा करकरीत! तीस मोबाइल, तीस मिनिटं!"

"सगळं उडवतात?" थोरलीचा आवाज चिरकला. "मेसेजसुद्धा?"

"मेसेज, नंबर, सगळं. रोगच शिल्लक राहत नाही."

"पण त्यात आमच्या बाबांची साठ पत्रं आहेत! नका ना पुसू, काका. नुसती पाकिटाची खूण बघा, पुस्तिकेत लिहिलंय..."

"वीस वर्षं दुकान चालवतोय मी! आता सातवीतली पोरं मला पुस्तिका वाचून दाखवणार?"

"मग आमचा मोबाइल परत द्या."

"आत्ताच देतो. पावती?"

पावती आईच्या पिशवीत होती. आणि आई होती धुलाईखान्यात!

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते. थोरलीने ओठ घट्ट मिटून घेतले. रडायला वेळ नव्हता. तेवढ्यात तोफेने तिला कोपर मारलं आणि आजवर कुणी ऐकला नव्हता इतका मधाळ आवाज काढला. "काका, हे एवढे मोबाइल... बाई आल्यावर कुठला कुणाचा, ते तुम्हाला कसं कळतं हो?"

काकांचा चेहरा पडला. "तेच तर! मागच्या शनिवारी हेडमास्तरांचा मोबाइल गेला खाटकाकडे आणि खाटकाचा हेडमास्तरांकडे. दोघंही अजून माझ्याशी बोलत नाहीत."

"आम्ही चिठ्ठ्या बांधून देऊ? पावतीपुस्तकात बघून? आम्हाला सुट्टीच आहे. फुकट!"

"फुकट?" काकांचे डोळे चमकले. "दोरा त्या डब्यात आहे. कागद घ्या हवे तेवढे. मी जरा... आत्ताच येतो!" आणि चपला पायात सरकवून काका समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. आत्ताच येतो म्हणाले, म्हणजे तासभराची निश्चिंती!

"शाबास, तोफे!" खटपट्या म्हणाला. "तू चिठ्ठ्या बांध. कबूल केलंय ते करायलाच हवं. शेपटा, दोरा धर. थोरले, तू मोबाइलमधलं वाच. मी लिहून घेतो. सगळी साठ!"

"सगळी कशाला?" तोफ म्हणाली. "एक पुसलं की नवं येईल ना?"

"आणि बाईंनी ऐकलं नाही तर?" थोरली म्हणाली. "वायर लावलीच तर? आधी उतरवून घेऊ."

खणातून आईचा मोबाइल शोधून, काउंटरमागे जमिनीवर बसून, ती वाचू लागली. खटपट्याचं पेन काउंटरवरच्या एका कोऱ्या वहीत धावू लागलं.

"'पोचलो. बरा आहे. खोलीत दोघं आहोत. दुसरा घोरतो.' लिहिलंस? पुढचं. 'आज इंजिनाचं पोट दुखत होतं. तेल पाजलं. आता गाढ झोपलंय.'"

शेपूट खुदकन हसलं.

"'चार दिवस जमीन दिसली नाही. एक पक्षी आला, कठड्यावर बसला, माझ्याकडे बघून गेला. त्याच्याबरोबर निरोप द्यायला हवा होता. सुचलंच नाही.'"

"हळू! निरोप... द्यायला... हं."

"'थोरले, इथल्या भोंग्याचं तोंड अगदी तू चिडल्यावर तुझं नाक फुगतं तसं. रोज एकदा त्याला पुसून काढतो.'"

ती थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. पुढचं घे."

पण काहीतरी झालं होतं. एकेकटी वाचलेली पत्रं वेगळी आणि ओळीने साठ पत्रं वेगळी. चौदा महिने एका श्वासात वाचताना तिच्या लक्षात आलं, की सुरुवातीला बाबा खूप सांगायचे. समुद्र, इंजिन, पक्षी. मग हळूहळू त्यांचं सांगणं कमी होत गेलं आणि विचारणं वाढलं. नळ गळतो का अजून? शेपटाचा दात पडला का? संध्याकाळी घरात उजेड कुठून येतो, खिडकीतून की दारातून? मला नीट आठवेना. एकशेसाठ अक्षरं असूनही शेवटची कित्येक पत्रं नुसती एका ओळीची होती. माणूस बोलता बोलता घराच्या दिशेला तोंड करून गप्प बसावा, तशी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी साठावं पत्र उतरवून झालं. खटपट्याची बोटं आखडली होती. तोफेने सव्वीस मोबाइलना चिठ्ठ्या बांधल्या होत्या आणि त्यातल्या एका दोऱ्यात शेपटाचं बोटही.

"हं, आता पुस एक," खटपट्या म्हणाला.

थोरलीने पहिलं पत्र उघडलं. पोचलो. बरा आहे. अंगठा बटणावर ठेवला. तसाच ठेवला.

"अगं पुस ना! वहीत आहे की!"

"वहीत तुझं अक्षर आहे."

"मोबाइलमध्ये तरी त्यांचं अक्षर कुठाय?"

"बाबांनी बटणं दाबून लिहिलंय ते. तिकडे."

मग शेपटाने, बोटाला बांधलेल्या मोबाइलसकट पुढे सरकून, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. दोघांनी मिळून दाबलं.

पत्र गेलं. पाकीट लुकलुकायचं थांबलं.

आणि थर्रर्रर्र! मोबाइल हातातच थरथरला!

"आलं! आलं!" तोफ गरजली. "काय लिहिलंय?"

"'अभिनंदन! आपल्या लाडक्या गाण्याची धून आजच निवडा...'" थोरलीने कपाळावर हात मारला. "जाहिरात!"

पाकीट पुन्हा लुकलुकू लागलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिने जाहिरात पुसली. थर्रर्र! तिथे आलं बाबांचं पत्र. परवाचं!

'तुमचं "पत्र का नाही?" हे रोज मिळतं. मी तर रोज लिहितो. पोचत नाही वाटतं. पुन्हा लिहितो. कप्तान म्हणतात आणखी दहा महिने थांब. शनिवारी'

तुटलं! थोरलीने श्वास रोखून आणखी एक जुनं पत्र पुसलं. थर्रर्र!

'दुपारी एकला सही. तुमचा शब्द आला नाही तर नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. तुम्हाला चालतंय असं समजावं लागेल. फक्त एक शब्द लिहा. थांबू की येऊ?'

"शनिवार म्हणजे..." तोफ पहिल्यांदाच खरोखर कुजबुजली.

"आज," खटपट्या म्हणाला. "आणि जहाजावर टपाल घेतात बाराला. म्हणजे पाऊण तासाच्या आत उत्तर गेलं पाहिजे!"

"लिही की मग! 'या' म्हणून लिही!" तोफ म्हणाली.

थोरलीची बोटं बटणांवर गेली आणि थबकली. पृथ्वीवर तिला सगळ्यांत जास्त तोच शब्द लिहायचा होता. म्हणूनच तिला तो एकटीने लिहवेना. "त्यांनी सगळ्यांना मिळून ठरवायला सांगितलंय. आईला विचारायला हवं."

"पत्र उतरवून दे," खटपट्या उभा राहिला. "सायकल आणलीय मी, इस्पितळ दहा मिनिटांवर. धुलाईखान्यात टेबलावरचा फोन असेलच. मी आत्याला या मोबाइलवर फोन करायला लावतो. मेसेज अडले तरी फोन कुठे अडतोय!"

तो गेला तसा धुळीचा लोट उठला, आणि त्या लोटातूनच समोरून दोन माणसं आली. आत्ताच देतो काका, आणि हातात वायरींची पेटी घेतलेल्या कंपनीच्या बाई!

"वा, वा! चिठ्ठ्या!" काका खूश झाले. मग त्यांचं लक्ष थोरलीच्या हाताकडे गेलं. "आणि हे काय? गिऱ्हाइकाचा मोबाइल? ठेव खाली!"

"काका, अर्धाच तास! फोन येणार आहे!"

"पावतीशिवाय नाही म्हणजे नाही!" काकांनी मोबाइल घेतला आणि रांगेत ठेवला. बाईंनी वायर काढली. पहिला मोबाइल जोडला, बटण दाबलं, कोरा. दुसरा. कोरा. तोफ मध्ये मध्ये लुडबुडत होती. "बाई, ही वायर लाल का? बाई, त्यात वीज असते का? बाई, मला चक्कर येतेय, पाणी आहे का?" बाईंनी पाणी दिलं. तोफेने एकेक घोट गिळत गिळत चार मिनिटं लावली. तरी रांग पुढे सरकत होती. नववा. दहावा. शेपूट ताईच्या फ्रॉकचं टोक घट्ट धरून उभं होतं. घड्याळात अकरा चाळीस.

अकरावा मोबाइल त्यांचा होता. बाईंनी वायर उचलली...

आणि तो वाजला! ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"वाजत असताना जोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "कुणाचा आहे हा?"

"माझ्या आईचा!" थोरली ओरडली. "आणि फोनही माझ्या आईचाच आहे! आईच्या मोबाइलवर आईचा फोन!"

बाईंना हसू आलं. त्यांनी मोबाइल सरळ तिच्या हातात दिला. काका 'अहो, पावती' म्हणेपर्यंत तिने बटण दाबलंही होतं.

"आई!"

पलीकडे मोठमोठ्या यंत्रांची घरघर होती.

"आई, खटपट्याने वाचून दाखवलं का?"

"हो." आईचा आवाज ओल्या कापडासारखा जड झाला होता. "थोरले, त्यांनी काय विचारलंय ते... तू एकदा वाच."

"'फक्त एक शब्द लिहा. थांबू की येऊ?'"

घरघर. मग आई म्हणाली, "तू काय म्हणतेस?"

"आधी तू सांग."

"मी चौदा महिने सांगतेय, गं. मनातल्या मनात." आईने नाक ओढलं. "ही बोट सोडली तर दुसरी लगेच मिळत नसते. पण ते पुढचं पुढे बघू. शेपटाला विचार."

"शेपटा, बाबांनी थांबायचं की यायचं?"

"यायचं!" शेपटाने असं सांगितलं, की त्यात विचारण्यासारखं काय आहे!

"लिही मग," आई म्हणाली. "या म्हणावं."

अकरा एकोणपन्नास. जागा हवी म्हणून थोरलीने आणखी पाच जुनी पत्रं पुसली; तोफेच्या मेसेजासकट अडकलेले दोन-तीन मेसेज आत आले. मग तिने पत्ता लिहिला, त्याला लागूनच 'या' लिहिलं, चार आकडी नंबर टाकला, पाठवलं. सगळ्यांनी श्वास सोडला. तोच थर्रर्र! 'पत्ता समजला नाही. कृपया पुन्हा पाठवा.'

"काय चुकलं?" तोफेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र खरं होतं.

कंपनीच्या बाई थोरलीच्या खांद्यावरून वाकल्या. "पत्त्यानंतर जागा मोकळी सोडलीस का?"

सोडली नव्हती! घाईघाईत पत्ता आणि 'या' एकमेकांना चिकटले होते. तिने पुन्हा पत्ता लिहिला, एकेक अक्षर तोंडाने म्हणत. एक जागा मोकळी. 'या. सगळ्यांनी मिळून ठरवलंय.' अकरा छप्पन्नला मोबाइलवर अक्षरं उमटली : संदेश पाठवला.

तिने मोबाइल काउंटरवर ठेवला.

मग बाईंनी सगळी हकिकत ऐकली. ऐकता ऐकता त्यांनी हातातली वायर गुंडाळून पेटीत ठेवली. "पाकिटाची खूण तुम्ही पाहिलीच नव्हती?" त्यांनी काकांना विचारलं. "मी दर शनिवारी लोकांचे मोबाइल पुसते, ते तुम्ही तपासून रोगी ठरवलेले असतात या भरवशावर! आजवर किती जणांची पत्रं गेली असतील हो माझ्या हातून?"

काका घड्याळाकडे, जमिनीकडे, चहाच्या डागाकडे बघत राहिले. "चुकलं खरं," ते शेवटी म्हणाले. "पोरांनो, पुस्तिका मला पण द्या एकदा वाचायला. आणि हा तुमचा मोबाइल..." त्यांना सवयीने 'आत्ताच' म्हणायचं होतं. पण या वेळी त्यांनी काही न म्हणता तो थोरलीच्या हातात ठेवला.

"तुझ्या जागी मी असते, तर विचारायला थांबले नसते," बाई थोरलीला म्हणाल्या. "तू थांबलीस. त्याला जास्त हिंमत लागते."

दुपार संपता संपेना. आई लवकर सुटून आली. तिने काही न बोलता चौघांना एकदमच कवेत घेतलं, त्यामुळे तोफेचं डोकं खटपट्याच्या नाकावर आपटलं. मग ती वही घेऊन कट्ट्याशी बसली. खटपट्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, तरी तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मध्येच एकदा हसली. मध्येच एकदा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"पोरांनो," ती म्हणाली, "मी एकही पत्र जाऊ नये म्हणून जपत होते, आणि त्या जपण्यानेच... तुम्ही नसता तर आणखी दहा महिने..." तिने वही मिटून मांडीवर ठेवली. "गुणाची आहात गं सगळी. मशीनचा स्क्रू काढलास तरी, खटपट्या!"

सहा वाजले. सहा पाच. सहा दहा. घरात कुणी भांडंसुद्धा हलवलं नाही.

सहा तेराला डबा वाजला.

"तूच वाच," आई म्हणाली. थोरलीने वाचलं :

"'बाराच्या टपालात मिळालं. सही केली नाही. उद्या बंदरात उतरतो. अकरा दिवसांत घरी. शेपटाला पापा. सगळ्यांना पापा. अजून अक्षरं उरली आहेत पण आता येऊनच बोलतो.'"

मग जो काही गोंधळ झाला! तोफेने असा जयघोष केला की गल्लीतली दारं उघडली. खटपट्या स्टुलावर चढून नाचला. आई हसत होती, रडत होती, आणि बटाटे कुठे ठेवलेत ते शोधत होती.

शेपूट मात्र नाचलं नाही. ते खिडकीशी गेलं. टाचा उंचावून त्याने ताईने परत डब्यावर ठेवलेला मोबाइल उचलला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. बाबा गेले तेव्हा ते पावणेचार वर्षांचं होतं.

"ताई," त्याने विचारलं, "बाबा घरी आले, की मग हे मोबाइलमधले बाबा कुठे जाणार?"

थोरलीने आईकडे पाहिलं. आईने वही उघडली आणि शेपटाला मांडीवर घेतलं.